झोपलेल्याचा अंगठा हलतो

माझ्याकडे पोरं झोपतात. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात येऊन कोणालाही विचारा, 'त्या झोपवणाऱ्या काकी कुठे राहतात', लगेच आमच्या बिल्डिंगचा जिना दाखवतील. घरी आईच्या उरावर रात्रभर नाचणारी, बापाला सळो की पळो करणारी कार्टी माझ्याकडे दुपारी एकच्या ठोक्याला आडवी होतात आणि तीनपर्यंत हूं की चूं करत नाहीत. आया विचारतात, "काकी, काय जादू करता हो?" मी हसून म्हणते, "माया लावावी लागते." खोटं बोलते. धाक लावावा लागतो.

पाळणाघर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय येतं! मांडीवर बाळ, ओठांवर अंगाई. एकदा आठ पोरं एका हॉलमध्ये सांभाळून बघा म्हणावं. एक शी करून तीच चटईला पुसतंय, दुसरं त्याच्या अंगावरून रांगतंय, तिसऱ्याने चौथ्याचा दंड चावलाय, आणि गॅसवर आठ जणांचा वरणभात उतू चाललाय. तिथे अंगाई म्हणायला बसलात की संपलात. त्यामुळे माझं सगळं घड्याळावर चालतं. नऊपर्यंत आयांनी पोर दारात द्यायचं आणि मागे वळून न बघता जिना उतरायचा. जी आई वळून बघते तिचं पोर अकरापर्यंत रडतं, हा माझा अनुभव आहे. दहा वाजता खेळण्यांची निळी बादली माळ्यावरून खाली. अकराला बादली वर. बाराला जेवण, मग सगळ्यांना ओळीने मोरीत नेऊन शू. एक वाजता पडदा खाली, चटया, आडवं. चार वाजता बादली पुन्हा खाली येते, पण ती सगळ्यांसाठी नाही. जो झोपला त्याच्यासाठी.

आता कोण झोपला आणि कोण नुसता पडून राहिला, हे कळायचं कसं? दोन-तीन वर्षांची पोरं लबाड असतात. पावलाचा आवाज आला की डोळे गच्च मिटतात. तर त्यासाठी एक युक्ती आहे. माझ्या आईने ती माझ्यावर केली, तिच्यावर तिच्या आईने केली असेल. पोरं आडवी झाली की मोठ्याने, पण त्यांच्याशी नाही, दुसऱ्या कोणाशी तरी बोलल्यासारखं म्हणायचं, "काय गं, जे पोर खरंच झोपलेलं असतं ना, त्याचा पायाचा अंगठा हलत असतो."

आणि मग बघायचं. अंधाऱ्या हॉलमध्ये ओळीने पसरलेले ते इवले पाय, आणि एकेक अंगठा हळूहळू हलायला लागायचा. आपण झोपलोय हे दाखवायला! समोरच्या खोलीतली माझी शेजारीण त्या वेळी चहाला यायची. वसईकडच्या वाडीतली, ख्रिश्चन, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे भाड्याने आलेली, जिवाला जीव देणारी बाई. आम्ही दोघी तोंडावर हात दाबून अशा हसायचो की डोळ्यांतून पाणी यायचं. मग मी एकेकाचा अंगठा चिमटीत धरायची. "सापडला लबाड!" जो सापडला त्याला चार वाजता बादली नाही. त्याने फ्रिजकडे तोंड करून पाटावर बसायचं आणि पाठीमागे बाकीची खेळताना ऐकायची.

दुष्टपणा होता का? हो, होता. तेव्हा मला ती गंमत वाटायची. आणि खरं सांगायचं तर गंमत वाटायची म्हणूनच मी ते रोज करायची. नुसतं झोपवायला एवढं लागत नाही.

पोरं मात्र लवकर शहाणी होतात. चार-सहा दिवस पाटावर बसलं की कळतं, अंगठा हलवायचा नाही. मग ती लाकडासारखी पडून राहतात, आणि लाकडासारखं पडून राहिलं की झोप लागतेच. हीच ती जादू.

एक पोर तेवढी शिकली नाही.

आली तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती. सावळी, हडकुळी, कपाळावर काळी तीट, आणि डोळे असे की आपण काय सांगतोय ते कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकतेय असं वाटावं. तिची आई चांदीप गावची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन इकडे आली आणि वालीवला एका कारखान्यात प्लॅस्टिकचे डबे तपासायच्या कामाला लागली. मशीनजवळ फोन चालत नाही म्हणून तिचा फोन दिवसभर कुलपात. सकाळी साडेआठला पोर द्यायची, संध्याकाळी सातला न्यायची. सोमवारी माहेरून आली की पिशवीत काही ना काही असायचंच, वालाच्या शेंगा, दुधी, नाहीतर अळूची जुडी. "काकी, घरच्या शेतातलं आहे," म्हणत खाली मान घालून द्यायची. मला गरीब माणसांचा हा भिडस्तपणा आवडत नाही. तो बघितला की माझा आवाज आपोआप चढतो.

पोर "पानी" म्हणायची. तिच्या आजोळी तसंच म्हणतात. "काकी, पानी." मी ग्लास हातात धरून उभी राहायची. "काय म्हणायचं? पाणी. म्हण बघू, पा-णी." ती माझ्या ओठांकडे बघून म्हणायची, "पानी." मी ग्लास मागे घ्यायची. तीन-चारदा म्हटल्यावर तिची जीभ कशीबशी वळायची, तेव्हा ग्लास मिळायचा. हिच्या आईला मी ऐकवायची, "शाळेत हसतील तिला. आत्ताच वळण लावलेलं बरं." आई म्हणायची, "हो काकी, तुम्ही आहात म्हणून."

आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. माझं माहेर आगाशीच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला. माझी आई मरेपर्यंत पानीच म्हणत होती. मीही म्हणायची. लग्नानंतर सासरी पहिल्याच पंगतीत मी "पानी वाढू का" म्हटलं आणि अख्खी पंगत हसली. त्या दिवसापासून मी जीभ घासून घासून साफ केली. म्हणजे ज्याने मला डागलं, त्यानेच मी सव्वादोन वर्षांच्या पोरीला डागत होते. सासूचे वाभाडे काढत सून सासू होते म्हणतात ना, तसलाच प्रकार.

तर ती अंगठा हलवायची. रोज. बाकीची पोरं महिन्याभरात लाकडं झाली होती, पण मी ते वाक्य म्हटलं रे म्हटलं की हिचा उजव्या पायाचा अंगठा मन लावून हलायला लागायचा. डोळे एवढे घट्ट मिटलेले की पापण्या थरथरायच्या. मी चिमटीत धरायची, ती डोळे उघडून माझ्याकडे आश्चर्याने बघायची. चार वाजता पाटावर बसायची. रडायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा हलायचा. शेजारीण म्हणाली, "अगं, मंद आहे की काय?" मी म्हटलं, "मंद कसली, बेरकी आहे. मला खेळवतेय."

तेही खरं नव्हतं. मला तेव्हाही आतून कळत होतं. काकींनी सांगितलं की झोपलेल्याचा अंगठा हलतो, म्हणजे हलतो. आपल्याला झोपलेलं व्हायचंय, कारण काकींना झोपलेली पोरं आवडतात. म्हणून ती हलवत होती. ती मला फसवत नव्हती, माझं ऐकत होती. आठांत तीच एक माझं शब्दशः ऐकत होती, आणि रोज पाटावर तीच बसत होती.

मग ऑक्टोबरातला तो दिवस. सकाळी साडेदहाला लाइट गेली. दीडपर्यंत येईल, असं वायरमन खाली सांगून गेला. पंखा बंद, अंगाची लाही लाही, पोरं किरकिरी, एकाने दुसऱ्याच्या डोक्यात डबा घातलेला. माझं डोकं तापलेलं होतं. ती मात्र सकाळपासून गप्प होती. बादली खाली आली तरी उठली नाही, खिडकीखालच्या थंड फरशीला गाल लावून पडली. जेवली नाही. मला वाटलं, चला, एक तरी पोर त्रास देत नाहीये.

साडेबाराला ती माझ्याजवळ आली, साडीला धरून म्हणाली, "काकी, पानी."

"काय म्हणायचं?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"पाणी म्हण, मग देते."

नाही बोलली. मी ग्लास ओट्यावर ठेवून दिला. दोन पोरं मोरीत एकमेकांना ढकलत होती, तिकडे धावले. ग्लास तसाच राहिला. हा ग्लास अजून माझ्या घरात आहे, स्टीलचा, बुडाला पोचा आलेला. मी तो वापरत नाही आणि टाकतही नाही.

एकला सगळी आडवी केली. ती भिंतीकडे तोंड करून, शेवटच्या चटईवर. शेजारीण आली होती, हाताने पदराचा वारा घेत बसली होती. मी घड्याळात बघितलं, लाइट यायला अजून किती वेळ आहे म्हणून. एक वाजून दहा मिनिटं. मग नेहमीच्या आवाजात म्हटलं, "काय गं, जे पोर खरंच झोपलेलं असतं ना, त्याचा पायाचा अंगठा हलत असतो."

सगळी लाकडं. आणि शेवटच्या चटईवर तिचा पाय हलायला लागला.

आज नुसता अंगठा नाही, अख्खा पाय. एका ठेक्यात, थाड थाड. शेजारीण फिस्सकन हसली. "अगो, आज तर नाचच चाललाय!" मीही हसले. मी म्हटलं, "बघ नाटकी. अंगठ्याने भागलं नाही, आता पाय आला." आम्ही आत जाऊन चहा टाकला. चहा झाला, गाळला, प्यायलो. कोणाच्या तरी भिशीचं काहीतरी बोलत होतो. बाहेर आले तर पाय अजून हलतोय. मी वाकून तळपायावर एक चापट मारली. "पुरे झालं गं." पाय थांबला नाही. हट्ट बघा, माझ्या मनात आलं, माझ्याशी हट्ट! मी म्हटलं, "हलव. हलव संध्याकाळपर्यंत. बघते कोण दमतं ते." आणि मी तिथेच, तिच्यापासून चार हातांवर, वालाच्या शेंगा सोलायला बसले. तिच्याच आईने आणलेल्या.

शेजारीण एकदा म्हणाली, "डोळे उघडे दिसतात गो तिचे."

मी म्हटलं, "झोपलेल्याला उठवता येतं बाई. सोंग घेतलेल्याला नाही."

लाइट आली ती अचानक. सकाळी बटण चालूच राहिलं होतं, त्यामुळे ट्यूबलाइट फडफडली आणि हॉल उजळला. मी सहज मान वर केली. तिच्या तोंडाला फेस होता. ओठ जांभळे. डोळे उघडे, एका बाजूला ओढलेले, आणि खालची चटई ओली. घड्याळात दीडला दोन मिनिटं कमी होती.

अठरा मिनिटं. मी आकडे विसरणारी बाई आहे, पण हा नाही विसरत.

पुढचं सगळं एकदम झालं. शेजारीण दारातली चामड्याची चप्पल घेऊन धावली, तिच्या नाकाशी धरायला, आकडी आली की करतात तसं. मी तिचा हात झटकला आणि पोर उचलली. अंग विस्तवासारखं भाजत होतं. माझ्या कडेवर सकाळपासून तिला मी एकदाही घेतलं नव्हतं, नाहीतर कळलं असतं. बाकीची सात पोरं शेजारणीवर टाकून, अनवाणी, मी रिक्षात. दवाखाना जवळच होता. डॉक्टरांनी सुई टोचली, कसलंसं औषध दिलं, आणि तो पाय थांबला. त्या थांबण्याने मी इतकी घाबरले की ओरडलेच. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, श्वास चालू आहे." मग विचारलं, "किती वेळ चाललं होतं हे?"

माझ्या तोंडातून आलं, "दोन मिनिटं. बघितलं आणि तशीच उचलली."

ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर दुरुस्तही केलं नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, मी लिहिताना बघत होते. दोनचा आकडा. एक-दोन क्षण होते, 'थांबा हो डॉक्टर' म्हणायला. मी पदराने तोंड पुसत राहिले.

आई चारला पोचली. मधल्या सुट्टीत फोन हातात आल्यावर तिला कळलं होतं. केस सुटलेले, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. डॉक्टर तिला म्हणाले, "तापात कधीकधी येतो असा झटका, लहान मुलांमध्ये होतं. दोन मिनिटांचाच होता, बाईंनी वेळेवर आणलं. वय वाढलं की जातं." ती पोरीला बघून आधी रडली, आणि मग माझ्या पायाशी बसली. अक्षरशः फरशीवर बसली. "काकी, माझी चूक आहे. तिला पहाटे ताप होता. औषध पाजून पाठवली. रजा मिळत नव्हती, आणि तापातलं पोर तुम्ही घेत नाही म्हणून सांगितलं नाही."

इथे मी काय केलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला सुटका मिळाली. एखाद्या चोराला दुसरा चोर सापडावा, तशी. मी आवाज चढवला. "अगं, आई आहेस की कोण? असं कोणी करतं? माझ्या जागी दुसरी असती तर पोर हातची गेली असती!" नर्स वळून बघत होती. आई मान हलवत होती, हो काकी, हो काकी. तिने मला हात जोडले.

घरी आले तेव्हा पोरांना त्यांच्या त्यांच्या आया घेऊन गेल्या होत्या. शेजारणीने चटई धुऊन गच्चीवर टाकली होती. तिने विचारलं, "काय सांगितलंस तिकडे?" मी म्हटलं, "झटका आला, लगेच उचलली." ती म्हणाली, "लगेच?" मी पाय धुवायला मोरीत गेले. दुसऱ्या दिवसापासून ती चहाला आली नाही. जिन्यात भेटली तर "बरं आहे ना?" एवढंच. हसलो दोघी होतो, म्हणून ती कोणाला सांगणार नाही, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

पाच दिवसांनी पोर परत आली. मी तिला दारात कडेवर घेतलं, सगळ्या आयांसमोर. "पानी" म्हणाली की लगेच ग्लास. पाट आत नेऊन ठेवला. ते वाक्य तर मी पुन्हा कधीच तोंडातून काढलं नाही. पण त्याच दुपारी, सगळी आडवी झाल्यावर, मी काही न बोलता तिचा अंगठा आपोआप हलला. मी झेप घेऊन तिला उचललं. ती दचकली, जोरात रडायला लागली, बाकीचीही उठली. ती खेळत होती. म्हणजे खेळत नव्हती, तिला झोपलेलं व्हायचं होतं. चार वाजता बादली खाली आली तेव्हा ती स्वतःहून उठली आणि फ्रिजकडे तोंड करून नुसत्या फरशीवर जाऊन बसली. "ये गं, खेळायला ये," मी म्हटलं. ती आली नाही.

मला वाटलं, झालं, सुटलो. जानेवारीत तिला घरी झटका आला. ताप नसताना. फेब्रुवारीत पुन्हा. मग वसईला एका मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, आणि तिची आई माझ्याकडे आली. "काकी, तुम्ही चला ना. पहिल्यांदा झालं तेव्हा तुम्हीच होतात. मला नीट सांगता येणार नाही." त्या दिवशीही तिच्या हातात पिशवी होती. मी नाही कसं म्हणणार!

डॉक्टर म्हातारे होते, शांत. पोरीच्या डोक्याला वायरी लावून तपासणी झाली. मग त्यांनी मला समोर बसवलं. "बाई, मला पहिल्या झटक्याचं सांगा. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"पाय हलत होता," मी म्हटलं.

"एकच पाय?"

"उजवा."

त्यांनी लिहिलं. "आणि किती वेळ? घाई नका करू, आठवून सांगा. हे मला नीट कळायला हवं. पहिलाच झटका लांबलेला असेल, तर मी डोक्याचा मोठा फोटो लगेच काढायला सांगेन. त्यासाठी एवढ्या लहान पोराला भूल द्यावी लागते, म्हणून उगाच करत नाही."

आई माझ्याकडे बघत होती. मांडीवर पोर, तीही माझ्याकडे बघत होती, माझ्या ओठांकडे, पाणी म्हणायला शिकताना बघायची तशी. मला अठरा म्हणायचं होतं. देवाशपथ, शब्द घशापर्यंत आला होता. मग मला पुढचे प्रश्न दिसायला लागले. अठरा मिनिटं तुम्ही काय करत होतात? पाय हलताना दिसला, तर उचललं का नाही? शेंगा सोलत होते, असं सांगू? ती मला फसवतेय असं वाटलं, असं सांगू? आणि उद्या सकाळी कोण आपलं पोर माझ्या दारात देईल?

आईच बोलली. "दोनच मिनिटं, डॉक्टर. काकींनी लगेच उचललं. माझ्याच हातून चुकलं, मी ताप लपवला." आणि तिचे डोळे भरले.

डॉक्टरांनी मला विचारलं, "दोन?"

मी मान हलवली.

"मग थांबू," ते म्हणाले. "औषधावर बघू. झोप फार येईल तिला, सांगून ठेवतो."

रिक्षात आई माझा हात धरून बसली होती. सोपारा येईपर्यंत तिने तो सोडला नाही. मला तो झिडकारावासा वाटत होता. एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा राग येतो, खरंच येतो. एखादी कजाग बाई असती, पोलिसात जाईन म्हणणारी, तर मी तिला तोंडावर सांगितलं असतं. असं मी स्वतःला सांगते.

याला आता दीड वर्ष होईल. झटके थांबलेले नाहीत. औषध दोनदा वाढवलंय. फोटो काढलेला नाही. दर सोमवारी पिशवी येते, आणि दर वेळी आई तेच म्हणते, "काकी, तुम्ही होतात म्हणून." मी पिशवी घेते. दर रविवारी रात्री मी ठरवते, उद्या सांगायचं. सोमवारी ती जिना चढून येते, मी पोर कडेवर घेते, आणि म्हणते, "जा तू, गाडी चुकेल."

पोर साडेचार वर्षांची व्हायला आली, पण अजून माझ्याकडेच असते. बरोबरीची बालवाडीत गेली, हिला तिथे बसल्या जागी पेंग येते म्हणून परत पाठवली. माझ्याकडे ती जेवताना पेंगते, घास तोंडात तसाच राहतो. बादली खाली आली तरी डोळे अर्धे मिटलेले. दुपारी चटईवर टेकवली की दगड. आता ती खरी झोपते. दोन तास, अडीच तास. इतकी शांत झोपणारी पोर माझ्याकडे कधी नव्हती.

गेल्या आठवड्यात एक नवी पोर आली. तीन वर्षांची, बडबडी, तोंडाला कुलूप नाही. मी ते वाक्य सोडलं, पण पोरांनी नाही सोडलं. जुनी नव्यांना शिकवतात, चटईवर आडवं पडून, कुजबुजत. मी कितीदा दटावलं, ते जात नाही. तर काल दुपारी ही नवी अर्धवट उठून बसली, शेजारच्या चटईकडे वाकून बघत राहिली, आणि मला हाक मारली.

"काकी, हिचा अंगठा हलत नाहीये."

"झोपलीय ती. तू झोप."

"झोपल्यावर हलतो ना?" तिने पुन्हा वाकून पाय बघितला, बोटाने हळूच टोचला. "हिचा नाही हलत. ही जागी आहे, काकी. हिला आज खेळायला नाही द्यायचं."

माझा हात उगारला गेला. मारलं नाही. "गप पड," मी म्हटलं, "मुकाट डोळे मिट." आवाज कसा निघाला कोण जाणे, ती धाडकन आडवी झाली, डोळे गच्च मिटले, पापण्या थरथरत होत्या. आणि तिचा अंगठा हलायला लागला.

मी घड्याळात बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. तो थांबेपर्यंत मी तिच्या पायाशी उभी राहून मिनिटं मोजत होते.